नेदरलँड्समध्ये नवे आहात? डच शब्द या क्रमाने शिका

नेदरलँड्समध्ये इंग्रजीवर भागतं, असं इथे येण्याआधी तुम्हाला दहा जणांनी सांगितलं असेल. ते खोटं नाही. आइंडहोव्हनच्या ऑफिसात, ॲमस्टेलव्हीनच्या बँकेत, रॉटरडॅमच्या कॅफेत तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. पण माणूस इंग्रजी बोलतो म्हणून दुधाचा खोका बोलत नाही. स्टेशनवरची घोषणा, दारात पडलेलं निळं पाकीट, औषधाच्या डबीवरचं लेबल, कचऱ्याच्या डब्यावरची पाटी ही सगळी मंडळी पक्की डच आहेत.

म्हणून माझा सल्ला असा, की सुरुवातीला बोलण्याच्या मागे लागू नका. आधी वाचायचे शब्द, मग ऐकायचे, मग बोलायचे. मोबाइलवरची ॲपं नेमकं उलटं करतात. पहिल्याच आठवड्यात 'मुलगा सफरचंद खातो' म्हणायला लावतात आणि हत्ती-गेंड्यांची ओळख करून देतात. हत्तीला डचमध्ये काय म्हणतात यावाचून इथे आजवर कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. 'उद्या नळाला पाणी नाही' ही चिठ्ठी न वाचल्यामुळे मात्र अडतं.

आधी अक्षरं

डच स्पेलिंग इंग्रजीइतकं लहरी नाही. थोडे नियम कळले की अनोळखी शब्दही बऱ्यापैकी वाचता येतो. ओ-ई लिहिलं की 'ऊ', आय-ई लिहिलं की 'ई', जे म्हणजे 'य'. आय-जे आणि ई-आय या दोन्ही जोड्या सारख्याच वाचायच्या: आपला 'ऐ', पण किंचित 'ए'कडे झुकलेला. यू-आय ही जोडी मी पुढे 'आउ' अशी लिहिली आहे. ती म्हणताना ओठ शिट्टी वाजवल्यासारखे पुढे काढा. यू दोनदा आला तर ओठ 'ऊ'चे ठेवून 'ई' म्हणा. आरशासमोर करा, घरच्यांसमोर नको.

जी आणि सी-एच ही अक्षरं म्हणजे घसा खरवडून काढलेला 'ख'. गझल ऐकणाऱ्यांना 'ख़्वाब'मधला ख माहीत असतो, तोच. दक्षिणेकडे, ब्राबांत आणि लिम्बुर्ख या प्रांतांत तो बराच मऊ होतो, त्यामुळे आइंडहोव्हनकरांची थोडी सुटका आहे. टी आणि डी मात्र आपण इंग्रजीच्या सवयीने ट-ड म्हणतो. डच उच्चार आपल्या त-दच्या जवळचा आहे. शब्दाच्या शेवटी डी असेल तर तोही 'त' होतो. व्ही हा फकडे झुकतो आणि डब्ल्यू जवळजवळ आपला मराठी व. शेवटचा 'एन' बोलताना बहुतेक जण गिळतात.

पहिला टप्पा: दुकान

डच शिकायची सगळ्यात चांगली शाळा म्हणजे अल्बर्ट हाइन, युम्बो किंवा लिडल. इथे वस्तू समोर, शब्द तिच्यावर आणि किंमत खाली असते.

दुधापासून सुरू करा. 'फोल्ले मेल्क' म्हणजे साय असलेलं पूर्ण दूध, 'हाल्फफोल्ले' म्हणजे अर्धी साय काढलेलं, 'माखरे' म्हणजे बिनसायीचं. चहासाठी फोल्ले घ्या, बाकीचे चहाचा अपमान करतात. शेजारीच तसाच खोका असतो 'कार्नेमेल्क'चा. ते ताक आहे. नवा माणूस ते चहात ओततो आणि फाटलेल्या चहाचा फोटो मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर येतो. कढीला मात्र ते उत्तम. 'क्वार्क' हा ताज्या चीजचा प्रकार आपल्या चक्क्याच्या जवळ जातो, तेव्हा श्रीखंडासाठी दही टांगत बसू नका, फोल्ले क्वार्क घ्या. 'स्लाखरोम' ही फेटायची मलई, 'रोमबोतर' खरं लोणी आणि 'फ्ला' हे खोक्यातून ओतायचं कस्टर्ड.

पिठाच्या कप्प्यासमोर जरा थांबा. 'ब्लूम' म्हणजे पांढरं चाळलेलं पीठ, मैद्याच्या जवळचं. (फुलालाही ब्लूमच म्हणतात.) 'तार्वे' म्हणजे गहू आणि 'फोल्कोरनमेल' म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ. 'झेल्फरैझन्त बाकमेल' पोळीसाठी उचलू नका, त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते.

शाकाहारी असाल तर मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायला पर्याय नाही. 'बेफात' म्हणजे 'यात आहे'. 'रुंत' गाय-बैलाचं मांस, 'फार्कन' डुकराचं, 'किप' कोंबडी, 'फिस' मासे, 'फ्लेस' म्हणजे एकूणच मांस. 'ऐ' म्हणजे अंडं, अनेकवचनी 'ऐयरन'. मुलांच्या गोळ्यांत बऱ्याचदा 'झेलातीने' असतं, ते प्राण्यांपासून काढतात. चीजवर 'स्त्रेम्सल' शोधा: 'दीरलेक' म्हणजे प्राणिज, 'मिक्रोबियेल' म्हणजे नाही. 'फेखेतारिस' असा शब्द किंवा हिरवं चिन्ह दिसलं की प्रश्न मिटला. तळलेल्या पदार्थांच्या टपरीवर क्रोकेत आणि फ्रिकान्देल साधारणपणे मांसाचेच असतात, शाकाहाऱ्यांचा आधार म्हणजे 'काससूफ्ले', चीज भरलेला.

आता फोडणी. जिरं म्हणजे 'कोमैन', आणि लायडनच्या चीजमध्ये चक्क जिरं घातलेलं असतं, एकदा खाऊन बघा. हळद 'कुर्कुमा', आलं 'खेम्बर', लसूण 'क्नोफ्लोक', कांदा 'आउ', दालचिनी 'कानेल', लवंग 'क्राउतनाखल', मीठ 'झौत'. डाळीसाठी 'लिन्झन', छोल्यांसाठी 'किकरएर्तन'. कोथिंबीर 'कोरिआंदर'. तिच्या शेजारी तिच्यासारखीच दिसणारी 'पेतर्सेली' ठेवलेली असते, तेव्हा नाव वाचा किंवा वास घ्या.

भारतीय भाजी हवी असेल तर सुरिनामी 'तोको', म्हणजे दुकान, शोधा, आणि इथे थोडं विषयांतर. 5 जून 1873 रोजी 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया मजूर घेऊन तेव्हाच्या डच वसाहतीत, सुरिनामला पोहोचलं. सुरिनाम 1975 साली स्वतंत्र झाला. त्या सुमारास मजुरांच्या वंशजांपैकी अनेक जण नेदरलँड्सला आले, आणि द हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या दुकानांत कारलं 'सोप्रोपो' नावाने मिळतं, चवळीच्या लांब शेंगा 'कौसनबांत' नावाने, आणि भेंडी 'ओकर'. 'रोती' मागितलीत तर नुसती पोळी नाही, बटाटा, शेंगा आणि बहुधा कोंबडी असं सगळं ताट येतं, आणि 'बारा' म्हणजे आपला वडा. डच बोलायचा पहिला सराव करायला याहून सोयीची जागा नाही.

गल्ल्यावर, म्हणजे 'कासा'वर, तेच ते चार प्रश्न येतात. 'बोनेत्ये एर्बै?' म्हणजे पावती हवी का. 'तास्ये एर्बै?' म्हणजे पिशवी हवी का. कार्डाने द्यायचं तर 'पिनन' हा शब्द पुरतो, आणि 'आलेन पिनन' अशी पाटी असेल तर नोटा चालणार नाहीत. उत्तराला 'या' किंवा 'ने, दांक यू वेल'. निघताना 'फैने दाख!' ऐकू येतं, तेच परत म्हणायचं. बाटल्यांवर आणि डब्यांवर 'स्तात्सीखेल्त' असतं, म्हणजे अनामत: मोठ्या प्लास्टिक बाटलीला 25 सेंट, छोटीला 15, आणि 1 एप्रिल 2023 पासून पेयाच्या पत्र्याच्या डब्यालाही 15. दुकानातल्या यंत्रात टाकून पैसे परत घ्या.

तारखेचे दोन प्रकार वेगळे ओळखा. 'तेनमिन्स्ते हौतबार तोत' म्हणजे त्या तारखेपर्यंत दर्जाची हमी, नंतरही वास-चव बघून वापरता येतं. 'ते खेब्राउकन तोत' म्हणजे त्यानंतर खाऊ नका. मांस-माशांवर ही दुसरी असते.

अभ्यासाची पद्धत विचाराल तर दोन गोष्टी करा. एक, घरी आल्यावर पावती वाचा. काय आणलं ते तुम्हाला ठाऊक असतं, तेव्हा कोणता शब्द कशाचा हे शब्दकोश न उघडता कळतं. दोन, दुकानांची दर आठवड्याची जाहिरातपत्रिका, 'फोल्दर', घरी येत असेल तर टाकू नका, नाहीतर ॲपवर उघडा. चित्र, शब्द, किंमत आणि वर 'आनबीदिंग' (सवलतीची वस्तू), 'कोर्तिंग' (सूट), 'ख्रातिस' (फुकट). असं पाठ्यपुस्तक विकत मिळत नाही.

दुसरा टप्पा: आकडे आणि घड्याळ

इथे मराठी माणूस इंग्रजांच्या पुढे आहे. डचमध्ये पंचविसाला 'फैफ-एन-त्विंतख' म्हणतात, म्हणजे पाच आणि वीस. इंग्रजीतून येणाऱ्यांची यात भंबेरी उडते, आपण मात्र पंच-वीस, चौ-तीस, सत्ता-वन्न असं लहानपणापासून एकक आधी म्हणत आलो आहोत. तेव्हा मनातल्या मनात इंग्रजीतून डच करू नका, थेट मराठीतून करा.

एक ते दहा: एन, त्वे, द्री, फीर, फैफ, झेस, झेफन, आख्त, नेखन, तीन. शेवटचा परत वाचा. 'तीन' म्हणजे दहा! बाजारात भाजीवाला 'तीन युरो' म्हणाला आणि तुम्ही खुशीत तीनची नाणी पुढे केलीत, तर तो हसेल. कानाला ही सवय लागायला वेळ लागतो.

घड्याळ तर आपल्याच घरचं वाटावं. 'हाल्फ द्री' म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. तिसऱ्या तासाचा अर्धा भाग. आपला 'अडीच' संस्कृत अर्धतृतीयातून आला, म्हणजे विचार अगदी तोच. दीडसाठी स्वतंत्र शब्द आहे, 'आंदरहाल्फ', पण तो मापाला आणि कालावधीला, दीड किलो, दीड तास. घड्याळात दीड वाजले तर 'हाल्फ त्वे'. सव्वा म्हणजे 'क्वार्त ओफर', पावणे म्हणजे 'क्वार्त फोर'. घोळ फक्त 'साडे'चा होतो: साडेतीनला 'हाल्फ फीर', साडेचारला 'हाल्फ फैफ', नेहमी पुढचा तास. डॉक्टरची वेळ फोनवर घेताना हा एक तासाचा फरक महागात पडतो, म्हणून 'पंधरा वाजून तीस' असं चोवीस ताशी पद्धतीने परत विचारून घ्या.

लिहिताना स्वल्पविराम आणि टिंब उलटे असतात. 2,95 म्हणजे दोन युरो पंच्याण्णव सेंट, आणि 1.250 म्हणजे साडेबाराशे. बिल वाचताना हे डोक्यात ठेवा.

तिसरा टप्पा: रस्ता आणि स्टेशन

दारावर 'द्यूवन' असेल तर ढकला, 'त्रेकन' असेल तर ओढा. 'खेस्लोतन' बंद, 'आउतखांग' बाहेरचा रस्ता. लिफ्टमध्ये 'बेखाने ख्रोंत' म्हणजे तळमजला. 'लेत ओप' किंवा 'पास ओप' म्हणजे सांभाळा, आणि मागून सायकलची घंटा वाजली तर पाटी वाचत उभे राहू नका, तुम्ही 'फीत्सपात'वर, म्हणजे सायकलींच्या रस्त्यावर आहात. सायकल घेतलीत की 'आउतखेझोंदर्त' हा लांबलचक शब्द लाडका होतो. प्रवेशबंदीच्या फलकाखाली सायकलचं चित्र आणि हा शब्द असेल तर बंदी इतरांना, सायकलवाल्यांना नाही. 'ओमलैदिंग' म्हणजे वळसा.

स्टेशनवर 'स्पोर' म्हणजे फलाट, 'फरत्राखिंग' म्हणजे उशीर, 'रैत नीत' म्हणजे गाडी रद्द, 'ओफरस्तापन' म्हणजे गाडी बदला. घोषणा पूर्ण कळायची गरज नाही, या चारांपैकी कोणता शब्द आला तेवढं पकडा आणि मग फलकाकडे बघा. डब्याच्या काचेवर 'स्तिल्ते' लिहिलं असेल तर तिथे आईला व्हिडिओ कॉल लावू नका. उतरल्यावर 'आउतचेकन', म्हणजे कार्ड पुन्हा लावणं, विसरलात तर प्रवासापेक्षा जास्त पैसे कापले जातात.

चौथा टप्पा: पत्रं

चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत 'खमेन्ते'त, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोंदणी करावी लागते. तिथूनच बीएसएन, म्हणजे नऊ आकडी नागरिक क्रमांक, मिळतो आणि मग पत्रं सुरू होतात. भेट ठरवण्याला 'आफ्स्प्राक' म्हणतात. हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा, त्याच्यावाचून इथे पानही हलत नाही.

निळं पाकीट आलं की ते 'बेलास्तिंगदीन्स्त'चं, करखात्याचं. आत 'आनस्लाख' असा शब्द असतो आणि शब्दकोश त्याचा अर्थ 'हल्ला' असाही देतो. घाबरू नका, इथे तो कर-आकारणीसाठी आहे. 'फोरलोपख' म्हणजे तात्पुरती, 'देफिनितीफ' म्हणजे पक्की. मग आकड्याशेजारी बघा: 'ते बेतालन' म्हणजे तुम्ही द्यायचे, 'तेरुख ते ओंतफांगन' म्हणजे तुम्हाला परत मिळणार. 'आउतरलेक'च्या पुढची तारीख ही शेवटची मुदत. 'बेझ्वार' म्हणजे हरकत नोंदवणं. 'आनखिफ्ते' म्हणजे कराचं विवरणपत्र, पण पोलिसांत तक्रार नोंदवण्यालाही हाच शब्द आहे. कोणत्याही बिलानंतर 'हेरिनरिंग' आली तर ती साधी आठवण, 'आनमानिंग' आली तर गंभीर घ्या, त्यानंतर दंड वाढत जातो.

मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करता येतंच. तरी आधी पेन्सिलीने तारीख, रक्कम आणि हे पाच-सात शब्द स्वतः शोधा, मग कॅमेरा उघडा. काही महिन्यांत पत्राचा सांगाडा आपोआप दिसू लागतो.

लांब शब्दांची भीती वाटते ती इथेच. ते तोडून वाचा, आपले समास तोडतो तसे. 'झीकन' आजारी, 'हाउस' घर, 'झीकनहाउस' म्हणजे रुग्णालय. 'वूर्दन' शब्द, 'बूक' पुस्तक, 'वूर्दनबूक' म्हणजे शब्दकोश. 'हांतस्खून' म्हणजे हाताचा बूट. हसू येतं, पण आपण तरी हातमोजेच म्हणतो.

पाचवा टप्पा: डॉक्टर

इथे सरळ तज्ज्ञाकडे जाता येत नाही, आधी 'हाउसआर्त्स', म्हणजे घराजवळचा नोंदणीकृत डॉक्टर. फोन लावला की यंत्र डचमध्ये बोलतं. त्यात 'स्पूत' म्हणजे तातडीचं, आणि 'तूत्स एन' म्हणजे एक दाबा. जिवावर बेतलं असेल तर थेट 112, तिथे इंग्रजी चालतं.

दुखणं सांगायला एक साचा पुरतो: 'इक हेप पैन इन मैन...' आणि पुढे अवयव. होफ्त (डोकं), बाउक (पोट), रुख (पाठ), केल (घसा). ताप 'कोर्त्स', खोकला 'हूस्त'. हाउसआर्त्स पॅरासिटामोल घ्या म्हणेल ही इथल्या भारतीयांची ठरलेली कुरकूर. त्यावर उपाय शब्दांचाच आहे: किती दिवस झाले, ताप किती चढला, काय घेतलं हे आकड्यांत सांगा. नुसतं 'बरं नाही' म्हटलंत तर वाट पाहायला सांगतात.

औषधाच्या लेबलवर 'द्री केर पेर दाख' म्हणजे दिवसातून तीनदा, 'ना हेत एतन' म्हणजे जेवणानंतर. या 'ना'ला नकार समजू नका! रक्त तपासायला 'नुख्तर' या म्हटलं तर उपाशी पोटी. 'रेसेप्त' म्हणजे औषधाची चिठ्ठी, पाककृतीलाही तोच शब्द. विम्याच्या कागदावरचा 'ऐखन रिसिको' म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचा जो खर्च तुम्ही स्वतः करायचा तो, 2016 साली तो 385 युरो झाला. हाउसआर्त्सची भेट त्यात धरत नाहीत आणि 18 वर्षांखालच्या मुलांना तो लागू नाही.

'दे' की 'हेत'

डच नामांना 'दे' किंवा 'हेत' लागतं, आणि त्याला ठोस नियम फार थोडे. 'हेत' म्हणजे नपुंसकलिंग. हिंदीवाल्यांना ही कल्पनाच नवी, आपल्याला 'ते' जन्मापासून माहीत. ते घर, हेत हाउस. ते पुस्तक, हेत बूक. ते पाणी, हेत वातर. हा योगायोग पुढे टिकत नाही, 'ते शहर' म्हणजे 'दे स्तात', तेव्हा त्यावर विसंबू नका. पण एक नियम पक्का आहे: 'ये'ने शेवट होणारं लाडाचं, लहान रूप नेहमी 'हेत'. 'मैस्ये' म्हणजे मुलगी, तरी ती नपुंसकलिंगी. लेकरू, पाखरू, वासरू म्हणणाऱ्यांना यात नवल वाटू नये. अनेकवचन सगळं 'दे'. एवढं पुरे, दे-हेत चुकल्याने कुणाचं काम अडत नाही.

शेवटी बोलणं

एव्हाना बरेच शब्द डोळ्यांत बसलेले असतात, त्यांना तोंड द्यायचं. वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसाला 'यू', म्हणजे तुम्ही. बरोबरीच्याला 'ये', म्हणजे तू. ऑफिसात साहेबालाही 'ये' चालतं, आपल्या जिभेला ते जड जातं. 'आल्स्तूब्लीफ्त' मागतानाही म्हणतात आणि वस्तू हातात देतानाही. आजाऱ्याला 'बेतरस्खाप', कठीण प्रसंगात 'स्तेर्क्ते'. वाढदिवसाला 'खेफेलिसितेर्त' फक्त वाढदिवस असणाऱ्याला म्हणून थांबू नका, त्याच्या आईला, बायकोला, गोलात बसलेल्या आजोबांनाही म्हणायचं असतं.

तुमचा उच्चार ऐकून समोरचा इंग्रजीवर जाईलच. तो मदतच करत असतो. 'इक लेर नेदरलांत्स, माख इक ऊफनन?' (मी डच शिकतोय, सराव करू का?) एवढं म्हटलं की बहुतेक जण थांबतात. घाईत नसलेली माणसं निवडा. गर्दीच्या कासावर सराव करू नका, मागची रांग अंगावर येईल. शाळेच्या फाटकाशी थांबलेले पालक, आठवडी बाजारातला शनिवारचा भाजीवाला, आणि अनेक सार्वजनिक वाचनालयांत भरणारं 'तालकाफे', जिथे स्वयंसेवक मुद्दाम सावकाश डच बोलायला बसलेले असतात. तिथे जाऊन विचारा: 'वानेर इस हेत तालकाफे?' उत्तरात बहुधा वार आणि वेळ येईल. 'हाल्फ आख्त' ऐकू आलं तर साडेसातला पोहोचा.